विस्तव नसलेली खोली

ब्रिनमॉर फार्म, क्लनजवळ, श्रॉपशर
११ नोव्हेंबर १९६२

प्रिय बेरिल,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. तू सून म्हणून आलीस त्याला सात वर्षं झाली, पण तुझ्या नावाने मी एकही पत्र लिहिलेलं नाही. दर रविवारी लिहायची ती एमरिसला, आणि शेवटी ‘बेरिलला विचारलं म्हणून सांग’ एवढी एक ओळ तुझी. मार्चमध्ये तो गेला आणि लिहायला कोणी उरलं नाही. तरी रविवारचं जेवण झालं, भांडी घासून झाली, की हात आपोआप दौतीकडे जातो. परवा शेजारचा टेड गिटिन्स म्हणाला, “हेस्टर, मेंढ्यांशी बोलतेस ते ठीक आहे, पण आता तू दरवाजाशीही बोलायला लागलीस.” म्हणून विचार केला, दरवाजापेक्षा सून बरी.

तर इकडची हालहवाल. पहिली कडक थंडी पडली. नॉर्वेकडचे कस्तुर पक्षी बागेत उतरलेत आणि खाली पडलेल्या सफरचंदांवरून भांडताहेत. आपला घरचा काळा कस्तुर सगळ्यांना हुसकावत फिरतो, तेवढ्यात मागून दुसराच कोणी त्याचं सफरचंद खाऊन जातो. गव्हाणी घुबड धान्याच्या कोठारात आहे. मागच्या दाराशी एमरिसने जे लाकडी खोकं ठोकलं होतं त्यात संध्याकाळी रेन शिरायला लागलेत. तोच तो, शेपटी उभी करून हिंडणारा बोटभर पक्षी. एरवी एक रेन दुसऱ्याला दारात उभा करत नाही, पण थंडी पडली की सगळे त्या एका खोक्यात दाटीवाटीने झोपतात. एमरिस म्हणायचा, रेनला अक्कल थंडीतच येते.

त्याच्या खोलीत फुलपाखरंही आलीत, ती पंखांवर मोरासारखे डोळे असलेली. सप्टेंबरपासूनच छताला आणि तुळईच्या सांध्यात पंख मिटून बसलीत. मिटलेली असली की जळक्या कागदाच्या तुकड्यांसारखी दिसतात. नेहमीप्रमाणे त्या खोलीत विस्तव नाही. मी दिवसातून एकदा दार लोटते, बघते आणि परत येते.

तुला यातलं काही आवडत नाही हे मला ठाऊक आहे. नेस्टाला वाचून दाखवलंस तरी पुरे.

हेस्टर प्रॉसर


कॉव्हेंट्री
२० नोव्हेंबर १९६२

प्रिय मिसेस प्रॉसर,

पत्र मिळालं. नेस्टाला वाचून दाखवलं. मी वाचायला लागले तशी ती म्हणाली, “मम्मी, घुबडाचा आवाज काढ ना. डॅडी काढायचे.” तुमचं पत्र सोमवारी यायचं आणि एमरिस चहाच्या टेबलावर ते नाटकासारखं वाचायचा, घुबड, कस्तुर, टेड गिटिन्स, सगळ्यांचे आवाज काढून. तुमचाही काढायचा. मी आवाज काढायचा प्रयत्न केला, तर नेस्टा म्हणाली, राहू दे.

मी शहरात वाढले. माझ्या लेखी पक्षी दोनच, कबुतर आणि बाकीचे. पण तुमच्या पत्रात एक वाक्य वाचलं आणि रात्रभर झोप नाही. ‘नेहमीप्रमाणे त्या खोलीत विस्तव नाही.’

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात तुम्ही आम्हाला त्याच खोलीत झोपवलंत. आठवतं? खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरलं होतं. शेगडी होती, कोळसा होता, आणि मी विस्तव पेटवायला वाकले तर तुम्ही म्हणालात, “या खोलीत पेटवत नाहीत.” बस, एवढंच. एमरिस नुसता हसला आणि मला म्हणाला, “मोजे घाल.” मी समजायचं ते समजले. शहरातली सून पसंत नाही, तिला गारठवून हाकलायचं ठरलंय. त्यानंतर मी हिवाळ्यात तुमच्याकडे कधीच आले नाही, आणि का येत नाही ते कोणाला सांगितलंही नाही.

ते फुलपाखरांसाठी होतं का?

नेस्टा बरी आहे. माझी बहीण मेव्हिस ॲडलेडहून सारखी लिहिते, ऑस्ट्रेलियात ये म्हणून. तिथे ऊन असतं आणि कामही मिळतं म्हणे. मी अजून काही ठरवलेलं नाही.

बेरिल


ब्रिनमॉर फार्म
२ डिसेंबर १९६२

प्रिय बेरिल,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग खुर्चीत बसूनच राहिले. हो, फुलपाखरांसाठी होतं. अगं, एमरिसने तुला सांगितलं असेल असंच मी धरून चालले होते. आणि त्याला वाटलं असेल, आईने सांगितलंच असेल. आमच्या घरातली माणसं मेंढीच्या खुराबद्दल तासभर बोलतील, पण कामाचं एक वाक्य तोंडातून निघायचं नाही.

तो सात वर्षांचा होता. जानेवारीत लाकडाच्या शेडमधून टोपीत घालून एक फुलपाखरू घेऊन आला. मेलंय असं आम्हाला वाटलं. त्याने ते खोलीत नेलं. त्याला सर्दी होती म्हणून मी शेगडी पेटवलेली होती. तासाभरात ते जागं झालं आणि खिडकीच्या काचेवर आपटायला लागलं. बाहेर हातभर बर्फ. फूल कुठून आणायचं? दुसऱ्या दिवशी ते खिडकीच्या फळीवर मरून पडलं. एमरिस रडला नाही, पण माझ्यापुढे उभा राहून म्हणाला, “आई, त्याला वाटलं वसंत आला. आपण त्याला फसवलं.” आणि त्याने माझ्याकडून वचन घेतलं की हिवाळ्यात त्या खोलीत कधी विस्तव पेटवायचा नाही. पुढल्या शरदात खिडकी उघडी ठेवली तर फुलपाखरं आपणहून आली. तेव्हापासून दर वर्षी येतात. त्याचे वडील वारले त्या हिवाळ्यातसुद्धा आम्ही त्या खोलीत विस्तव केला नाही.

तुला मी गारठवलं असं तू सात वर्षं मनात धरून बसलीस आणि तू आमच्याकडे नाक मुरडतेस असं मी. कमाल आहे आपली.

नाताळला ये. नेस्टाला घेऊन ये. माझ्या खोलीत झोपा. तिथे शेगडी नाही, पण खाली स्वयंपाकघराची चूल आहे, तिची ऊब वर येते. मी चुलीपुढच्या बाकावर झोपेन, तशीही हल्ली तिथेच डोळा लागतो. संध्याकाळी रेन खोक्यात शिरतात ते नेस्टाला दाखवीन.

त्या ऑस्ट्रेलियाचं एवढ्यात ठरवू नकोस. नेस्टाशिवाय माझं असं आता जगात कोणी नाही. हे लिहायला नको होतं कदाचित, पण लिहिलंय आणि खोडणार नाही.

हेस्टर


कॉव्हेंट्री
१४ डिसेंबर १९६२

प्रिय मिसेस प्रॉसर,

येतो. पुढच्या शनिवारची, २२ तारखेची, दुपारची गाडी. टेडना ट्रॅक्टर आणू नका म्हणावं, माझ्याकडे एकच चांगला कोट आहे.

नेस्टाचे प्रश्न: रेन झोपेत घोरतात का? फुलपाखरांना स्वप्न पडतं का? आणि आजीकडे डॅडींचे बूट अजून दाराशी आहेत का? तिसऱ्याचं उत्तर मला आधीच कळवलंत तर बरं होईल.

बेरिल


ब्रिनमॉर फार्म
१० फेब्रुवारी १९६३

प्रिय बेरिल,

टेड म्हणाला, क्रेव्हन आर्म्स स्टेशनात गाडी उशिरा आली, पण आली. तेव्हा तुम्ही नीट पोचलात असं समजते. तुझं पत्र नाही. पण टपालही आठवडाभर वर आलेलं नाही, मग दोष कोणाला द्यायचा.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेलं हे बर्फ अजून थांबायचं नाव घेत नाही. महिनाभर तुम्हाला इथे अडकवून ठेवलं आणि तुम्ही गेल्यावर पुन्हा पडलं. कुंपणं दिसेनाशी झालीत, माणूस फाटकावरून चालत जातो आणि त्याला पत्ता नसतो. ज्या मेंढ्या उकरून काढल्या त्यांतल्या निम्म्या जगल्या. भुकेने एकमेकींची लोकर खातात. नदी तळापर्यंत गोठलीय. पुलाखाली बगळा उभ्याउभ्या मेला. गव्हाणी घुबड भर दुपारी शिकारीला निघायचं, ते बुधवारी कोठाराच्या दारात पडलेलं मिळालं. हातात घेतलं तर घडी घातलेल्या रुमालाएवढंही वजन नाही. रानकबुतरं कोबीच्या दांड्यांवर बसून असतात, हाकललं तरी उठत नाहीत.

रेनच्या खोक्यात आता संध्याकाळी कोणी शिरत नाही. नेस्टाने एकेकाला नाव दिलं होतं, म्हणून तिला हे सांगू नकोस. मी शिडी लावून पाहिलं. सगळे आतच आहेत, बसल्या जागी, एकमेकांना चिकटून.

नेस्टाचा खोकला गेला का ते कळव. छातीला हंसाची चरबी चोळ. शहरातले डॉक्टर हसतात, पण गुण येतो.

त्या संध्याकाळचं मनावर घेऊ नकोस. मी उजाडल्यापासून डोंगरावर बर्फ उकरत होते, हात बधिर, पाय बधिर. दार उघडलं तर एमरिसच्या खोलीत शेगडी धडधडलेली आणि फुलपाखरं काचेवर आपटताहेत. माणूस थकला की तोंडाला येईल ते बोलतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. पोर झोपली होती एवढं बरं. त्यासाठी तू दुसऱ्या दिवशी आजारी पोरीला शालीत गुंडाळून टेडच्या ट्रॅक्टरवर बसून निघून जायला नको होतंस.

वसंतात या. तेव्हा सगळं विसरलेलं असेल.

हेस्टर


कॉव्हेंट्री
१८ फेब्रुवारी १९६३

प्रिय मिसेस प्रॉसर,

पोर झोपलेली नव्हती.

तुम्ही ‘तोंडाला येईल ते’ म्हणता. काय आलं होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहिते. तुम्ही दारात उभ्या राहिलात, अंगावर बर्फ तसंच, आणि म्हणालात, “माझ्या मुलाला खाल्लंस, आता त्याची फुलपाखरंही सोडली नाहीस.” नेस्टा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे डोळे उघडे होते.

तुम्हाला तो दिवस नीट माहीत नाही. तुम्ही वर डोंगरावर होतात. तीन दिवस पोरीची छाती वाजत होती. टेड गावातल्या टेलिफोनपर्यंत बर्फातून चालत गेले आणि डॉक्टरांचा निरोप घेऊन आले. डॉक्टरांना वर येता येत नव्हतं. ते म्हणाले, पोरीला कोरड्या, गरम खोलीत ठेवा, किटलीची वाफ द्या, वारा लागू देऊ नका. स्वयंपाकघरात तुम्ही आणलेल्या अर्धमेल्या मेंढ्या चुलीपुढे पडल्या होत्या. सगळी फरशी ओली, दार दर पाच मिनिटांनी उघडं. तुमच्या खोलीत शेगडी नाही. तुम्हीच सांगा मी काय करायला हवं होतं?

मी त्या खोलीत गेले आणि आधी छताकडे पाहिलं. देवाशपथ, मला सगळं आठवत होतं. मी मोठ्याने म्हणालेसुद्धा, एमरिस, माफ कर रे. मग काडी ओढली.

फुलपाखरं जागी झाली तेव्हा नेस्टाच उठून बसली. म्हणाली, मम्मी, साखरपाणी. आम्ही दोघींनी कापसाने त्यांना साखरपाणी दिलं. तुम्ही बोलून खाली निघून गेलात, त्यानंतर मी ती एकेक करून पकडली आणि तुमच्या हॅटच्या खोक्यात ठेवून मागच्या दुधाच्या खोलीत, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून आले. ती पुन्हा झोपतील की नाही मला माहीत नाही. मला यातलं काही कळत नाही, मी शहरातली.

एमरिस दर शनिवारी मोटारसायकल काढून तुमच्याकडे यायला निघायचा. पाऊस असो, धुकं असो. त्या दिवशी वळणावर बर्फ होतं. तुमच्या पक्ष्यांनी त्याला ओढून नेलं असं माझ्या मनात आलं नसेल? कितीदा आलं. पण मी ते तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही जगल्या नसतात.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी नेस्टा जेवता जेवता थांबली आणि मला विचारलं, “मम्मी, तू डॅडींना मारलंस का?”

मी तिला नाही म्हटलं. ती म्हणाली, “पण आजी खोटं बोलत नाही.”

मी मेव्हिसला होकार कळवला आहे. मे महिन्यात निघू. तुम्हाला शिक्षा म्हणून नाही. पण इथे दर शनिवारी माझे कान रस्त्याकडे लागतात आणि आता पोर माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघते. मला जिथे हिवाळाच नाही अशा ठिकाणी जायचं आहे.

बेरिल

नेस्टा सांगते म्हणून लिहिते: आजी, खोकं उघडू नकोस. बाहेर गरम होईपर्यंत उघडू नकोस. आणि चुलीजवळ आणू नकोस.


ब्रिनमॉर फार्म
२४ मार्च १९६३

प्रिय बेरिल,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. रस्ता बंद होता हे खरं, पण रस्ता उघडल्यावरही दिलं नाही. लिहायला बसायची आणि ‘पण आजी खोटं बोलत नाही’ हे वाक्य समोर यायचं. मग लेखणी खाली ठेवायची.

मी तुझी समजूत घालणार नाही. तू केलंस ते बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर खुर्च्या मोडून त्या शेगडीत घातल्या असत्या. माझा मुलगा गेला आणि त्याच्या जागी मी ती खोली जपत बसले, आणि त्याची पोर त्या खोलीच्या दाराशी धापा टाकत होती ते मला दिसलं नाही. दिसली ती फुलपाखरं.

आणि तू जे मनात ठेवलंस ते मला रोज ऐकू येतं. त्या आठवड्यात मीच त्याला लिहिलं होतं की टिटव्या डोंगरावर परत आल्यात. तो टिटव्या बघायला निघाला होता, बेरिल. हे ओझं माझ्याने उचलवेना, म्हणून मी ते तुझ्या डोक्यावर टाकलं.

आता पुढचं नेस्टासाठी आहे. तिला मांडीवर घेऊन वाच. घुबडाचा आवाज काढायची गरज नाही.

नेस्टा, माझ्या राणी,

तू म्हणालीस तसं मी खोकं उघडलं नाही. तुझे डॅडी तुझ्याएवढे असताना त्यांनी मला असंच एक काम सांगितलं होतं, तेही मी ऐकलं होतं. तेव्हा मला सवय आहे. बर्फ वितळायला लागलं, छपरावरून दिवसभर पाणी गळायला लागलं, तरी मी थांबले. काल ओढ्याकाठच्या वाळुंजाला पिवळे तुरे आले आणि त्यांच्यावर मधमाश्या आल्या. मग मी खोकं उचललं आणि तिथे नेऊन झाकण काढलं.

खरं सांगते. बहुतेक सगळी मेलेली होती. पण एकाने पाय हलवला. मी त्याला बोटावर घेतलं आणि उन्हात धरून उभी राहिले. टेड पलीकडून ओरडला, “हेस्टर, बोट धरून रस्ता कोणाला दाखवतेस?” मी त्याला गप्प राहायला सांगितलं. बऱ्याच वेळाने त्या फुलपाखराने पंख उघडले. चारही डोळे जागच्या जागी होते. मग ते वाळुंजाच्या तुऱ्यावर जाऊन बसलं आणि खायला लागलं. ते तुझ्या मम्मीने वाचवलेलं फुलपाखरू आहे. मी एकही वाचवलं नाही.

आता नीट ऐक. तुझ्या मम्मीने डॅडींना मारलं नाही. कोणीच मारलं नाही. रस्त्यावर बर्फ होतं आणि मोटारसायकल घसरली, एवढंच झालं. त्या संध्याकाळी आजी खोटं बोलली. आजी मोठी आहे, म्हातारी आहे, तरी खोटं बोलली, कारण तिला फार दुखत होतं आणि दुसऱ्यालाही दुखावंसं वाटलं. असं कधी करू नकोस. तुझ्या मम्मीने विस्तव पेटवला म्हणून तू आहेस. ही गोष्ट तू कायम लक्षात ठेव. बाकी आजीचं सगळं विसरलीस तरी चालेल.

बेरिल, जाऊ नकोस असं म्हणायचा हक्क मी गमावला आहे. तरी म्हणते. जाऊ नकोस.

एमरिसची आई


साउथॅम्प्टन
१६ मे १९६३

प्रिय आई,

असं मी तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं. समोर असताना म्हणायला जमलंही नसतं. जहाज उद्या सकाळी सुटेल. ही बंदराजवळची खानावळ आहे, खाली माणसं गातात आणि नेस्टा सामानावर डोकं ठेवून झोपलीय. या वेळी खरंच झोपलीय, मी पाहिलं.

तुमचं पत्र मी तिला मांडीवर घेऊन वाचलं. मग रात्री दिवा मालवल्यावर माझ्या अंथरुणात आली आणि म्हणाली, “आजीला किती दुखत होतं?” मी म्हटलं, पुष्कळ. “तुला?” मी म्हटलं, पुष्कळ. मग तिने माझ्या छातीवर तो कापूस फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाली, साखरपाणी. त्यानंतर तिने मला डॅडींचा तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

तुम्ही स्वतःच्या नातीपुढे स्वतःला खोटं ठरवलंत. माझ्या आईने माझ्यासाठी तेवढं केलं नसतं. हे पत्र फेब्रुवारीत आलं असतं तर आम्ही कदाचित गेलो नसतो. पण घर दुसऱ्यांनी घेतलंय, मेव्हिसने खोली रंगवलीय आणि माझं मन तिकडे निघून गेलंय. ते आता परत आणायला माझ्यात बळ नाही.

निरोप द्यायला याल म्हणून तुम्हाला तारीख कळवली होती. क्रेव्हन आर्म्सवरून येणाऱ्या गाडीला आम्ही दोघी फलाटावर उभ्या होतो. गर्दी पांगेपर्यंत थांबलो. तुमची काही अडचण झाली असेल. मेंढ्यांची वीण असेल.

दर रविवारी लिहा. सोमवारी येणार नाहीत पत्रं, पण येतील. मी आवाज काढायला शिकतेय.

बेरिल


ब्रिनमॉर फार्म
१५ डिसेंबर १९६३

प्रिय बेरिल,

तुझं ऑक्टोबरातलं पत्र आणि नेस्टाचं चित्र मिळालं. तिने समुद्राकाठचा नाताळ चितारलाय आणि त्यात मला टोपी घालून बसवलंय. तिला सांग, ॲडलेडची फुलपाखरं कुठे झोपतात ते मला माहीत नाही. झोपायची गरज नसेलच कदाचित. ती तिनेच शोधावीत आणि आजीला शिकवावं.

वीण वगैरे काही नव्हती. मी चांगला कोट घातला, टेडने मला क्रेव्हन आर्म्सला सोडलं, मी तिकीट काढलं आणि बाकावर बसले. गाडी आली. दार उघडलं. मला वाटलं, नेस्टाने मला धरून ठेवलं तर तुझं पाऊल उचलणार नाही. आणि तिने नाही धरलं तर माझं. मी बसूनच राहिले. गाडी गेली. तुम्ही फलाटावर थांबल्या होतात हे वाचलं त्या दिवशी मी दुपारी दूध काढायलाही उठले नाही. टेडनेच काढलं.

इकडे थंडी पडलीय, पण गेल्या वर्षीसारखी नाही. कस्तुर थोडेच आलेत. कोठारात घुबड नाही. ओढ्याकाठी वसंतभर शांतता होती, कोणी गायलंच नाही. मात्र गेल्या मंगळवारी दिवेलागणीला मी मागच्या दाराशी उभी होते, तर एक रेन आला. खोक्याच्या तोंडाशी बसला, आत डोकावला, बाहेर आला, पुन्हा डोकावला. दुसरं कोणी येतंय का त्याची वाट बघत असावा. मग एकटाच आत गेला. तेव्हापासून रोज येतो. मी खोकं स्वच्छ करून आत सुकं गवत घातलं होतं. नेस्टाने याचं नाव ठेवावं.

आणखी एक सांगायचं आहे. सप्टेंबरात फुलपाखरं एमरिसच्या खोलीच्या खिडकीशी आली, दर वर्षीसारखी. मी ती एकेक करून ॲप्रनमध्ये घेतली आणि लाकडाच्या शेडमध्ये नेऊन सोडली, जिथे एमरिसला पहिलं सापडलं होतं. तिथेही ती नीट झोपलीत, मी बघून येते. मग खोलीची खिडकी लावून घेतली. टेडला बोलावून धुराडं साफ करून घेतलं. अठ्ठावीस वर्षांत फक्त एकदा पेटलेलं धुराडं, त्यातून कावळ्याचं घरटंच्या घरटं निघालं. टेडच्या चेहऱ्यावर काजळी होती म्हणून डोळे पुसले की काय, ते मला कळलं नाही.

पलंगावर दोन रजया घातल्यात. शेगडीत खाली कागद, त्यावर बारीक काटक्या, त्यावर कोळसा असं रचून ठेवलंय. दमट होतं म्हणून दर रविवारी पत्र लिहून झालं की मी ते काढते आणि कोरडं नव्याने रचते. काडेपेटी फळीवर आहे, दारातून शिरल्यावर उजव्या हाताला.

तुम्ही याल असं मी म्हणत नाही. एवढंच की आलात, तर कोणाला विचारू नकोस.

आई